नव्या मोटारीची कल्हई
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षीच्या संमेलनात भोजनाच्या पंगतीस बसलो असता आम्ही सहज बोलून गेलो की, आजकाल आपल्या घरोघरी मोटारी आल्या, परंतु त्यांच्या रंगाची निगा कशी राखावी हे फारसे कोणास ठाऊक नाही. ते वाक्य आपल्या चिटणीसांनी ध्यानात ठेविले आणि यंदा आम्हांस पत्र आले की, याच विषयावर अर्धा तास बोलावे. आम्ही जन्मभर मुलांस पाढे आणि शुद्धलेखन शिकविले. मोटारीचे शास्त्र आम्हांस कोठून येणार? तथापि या विषयात आमच्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे, आणि ज्या विषयात मनुष्य चुकतो त्याचा अभ्यास तो पुढे मन लावून करतो. ती चूक कोणती, हे ओघाने सांगूच. सांगितल्यावाचून आम्हांस येथून खाली उतरता येणार नाही.

आपण तांबट-कासार. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले त्यांच्या कानांत मठारकामाचा तो ठोका अजून असेल. आपल्या वडीलधाऱ्यांस धातूचा पृष्ठभाग म्हणजे काय, हे शिकवावे लागत नसे. भांड्यास कल्हई करावयाची तर आधी भांडे घासून, तापवून, नवसागराने स्वच्छ करून घ्यावे लागते. मग कथलाचा तुकडा नुसता टेकविला तरी तो कापसाच्या बोळ्याबरोबर आरशासारखा पसरत जातो. भांडे मळकट राहिले तर कथील धरत नाही, आणि धरले तरी चार दिवसांत पोपडे निघतात. कल्हईचा थर कागदाहून पातळ. पण तो आहे तोवर आंबट वरण पितळेस लागत नाही, आणि तो झिजला की कल्हईवाल्यास पुन्हा हाक मारावी लागते. एवढे ज्याच्या ध्यानात आहे त्यास मोटारीच्या रंगसंरक्षणाचे निम्मे शास्त्र आलेच म्हणून समजा.

आता मोटारीचा रंग पाहू. अँबॅसडर आणि फियाटच्या काळी रंग बहुधा एकेरी असे. त्यास पॉलिश घासले की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे, आणि मालकास वाटे की मळ निघाला! आजचा रंग तसा नाही. पत्र्यावर आधी गंज न धरण्यासाठी विजेच्या साहाय्याने बसविलेला एक लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. त्यास कारखान्याच्या भाषेत क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा एक केस (ज्यांच्या डोक्यावर तो उरला असेल त्यांच्या) सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दहा-पंधरा लाखांच्या वाहनाची सारी झळाळी केसाच्या अर्ध्या जाडीवर उभी आहे. यंत्राने जोरकस पॉलिश केले की प्रत्येक वेळी यातलेच काही मायक्रॉन कायमचे जातात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगास वाचविणारी द्रव्येही याच थरात असतात. तो फार झिजला की रंग विटतो, आणि मग पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर नाही.

या थराचे शत्रू कोण? आपण म्हणाल ऊन, पाऊस आणि धूळ. खरे आहे; पण पहिला शत्रू आपल्या इमारतीच्या खालीच असतो. सकाळी सहा वाजता एक मुलगा एक बादली आणि एक फडके घेऊन येतो आणि त्याच पाण्यात वीस मोटारी पुसून जातो. त्या फडक्यात रात्रीच्या धुळीतले वाळूचे कण अडकलेले असतात. उन्हात उभे राहून बॉनेटकडे पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेघा दिसतात त्या या फडक्याने पाडलेल्या. त्या मुलाचा यात दोष नाही. महिन्याच्या पाचशे रुपयांत तो आणखी काय करणार? कोरड्या धुळीवर ओले फडके फिरवू नये. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग साबण. आणि फडके खळबळण्याची बादली निराळी असावी, एवढे त्यास कोणी सांगितलेले नसते. भांडी घासण्याची पावडर किंवा कपड्यांचा साबण वापरू नये, हेही सांगावे लागते.

दुसरा शत्रू पक्षी. पक्ष्यांच्या विष्ठेत आम्लधर्मी द्रव्य असते, आणि बॉनेट तापलेले असेल तर काही तासांतच तिचा ठसा उमटतो. तिसरा शत्रू विंधनविहिरीचे पाणी. त्यात चुन्याचे क्षार असतात. गाडी उन्हात धुऊन तशीच सोडली की पाणी उडून जाते आणि क्षारांची पांढरी वर्तुळे मागे राहतात. कोकणातल्या बंधूंस खाऱ्या हवेचा त्रास आहे तो निराळा. आणि चौथा शत्रू, सांगावयास संकोच वाटतो, आपली भक्ती. दसऱ्यास बॉनेटवर ओल्या हळदकुंकवाचे स्वस्तिक काढून ते दोन दिवस उन्हात ठेवले तर पांढऱ्या रंगावर डाग राहण्याची भीती असते. झेंडूच्या हाराची तार वाऱ्याने हालून रंग खरवडते. पूजा जरूर करावी. स्वस्तिक काचेवर काढावे आणि हार दोऱ्याचा असावा. भगिनीमंडळाने हे मनावर घेतले तर पुष्कळ रंग वाचेल.

आता संरक्षणाचे प्रकार. नवी मोटार घ्यावयास गेलो की विक्रेत्याच्या दुकानातच कोणी तरी एक कागद पुढे करतो आणि विचारतो, ‘टेफ्लॉन कोटिंग करून देऊ काय?’ तव्यावर टेफ्लॉन बसविण्यास तीनशे अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते. तेवढी उष्णता मोटारीस दिली तर रंगाचा कोळसा होईल. तेव्हा या नावाखाली जे फासले जाते ते बहुधा साधे पॉलिश किंवा सीलंट असते आणि काही महिन्यांत धुऊन जाते. त्या क्षणी माणूस आनंदात असतो, हातात पेढ्यांचा पुडा असतो, आणि पाच-सात हजार ही रक्कम दहा लाखांपुढे त्यास क्षुल्लक वाटते. आमचे सांगणे एवढेच की, त्या कागदावर सही करू नये. किंबहुना ‘गाडी धुऊन, पॉलिश करून देऊ नका, आली तशीच द्या’ असे आधीच लिहून द्यावे. घाईतल्या धुण्यानेच नव्या मोटारीवर पहिल्या रेघा पडतात.

मेण हा जुना उपाय. उत्तम मेण ब्राझील देशातील कार्नौबा नावाच्या ताडजातीय वृक्षाच्या पानांपासून निघते. झळाळी सुरेख, परंतु आपल्या उन्हात त्याचे आयुष्य आठवडे-दोन महिने. ज्यास हौस आहे आणि रविवार मोकळा आहे त्याने स्वतः लावावे. वाईट काही नाही.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त द्रवाचा लेप. तो पारदर्शक थरावर घट्ट बसतो, पाणी टिकू देत नाही, मळ सहज सुटतो, आणि पक्ष्यांच्या विष्ठेस काही काळ दाद देत नाही. नीट निगा राखली तर दोन-तीन वर्षे टिकतो. पण त्याची जाडी किती? एखाद-दुसरा मायक्रॉन. ती कल्हई आहे, चिलखत नव्हे. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा तीस जुमानीत नाही. आणि पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात हे जाहिरातीत छान दिसते खरे. परंतु तोच थेंब उन्हात सुकला की क्षारांचे वर्तुळ तेथेही उमटते.

येथे एक गंमत सांगतो. प्रत्येक बाटलीवर ‘नऊ एच’ असे कठीणपणाचे माप लिहिलेले असते, आणि विकणारे तरुण असा आव आणतात की हा लेप जणू हिऱ्याच्या खालोखाल. आम्हांस हे ‘एच’ कोठे तरी पाहिल्याचे आठवले, आणि मग हसू आले. अहो, ही तर शिसपेन्सिल! चित्रकलेच्या तासास मुले एचबी, टू-बी मागतात, तीच मोजपट्टी. लेपावर ४५ अंशांच्या कोनात निरनिराळ्या पेन्सिली दाबून सरकवितात. नऊ एचच्या पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही की झाला लेप ‘नऊ एच’. खनिजांच्या कठीणपणाचे मोजमाप निराळे. त्यात हिरा दहा आणि वाळूतील गारेचा कण सात. पेन्सिलीस न भिणारा लेप वाळूच्या कणापुढे टिकेलच असे नाही. जो विक्रेता हा भेद आपण होऊन सांगेल तो प्रामाणिक समजावा.

खड्यांपासून खरे रक्षण करते ते पातळ पारदर्शक फिल्म, तीस पीपीएफ म्हणतात. ही पॉलियुरेथेन जातीच्या प्लास्टिकची, १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे मोटारीच्या साऱ्या रंगाहून जाड असते. चांगल्या फिल्मवरील बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले नसते तर खरे मानले नसते. स्वस्त फिल्म पीव्हीसीची असते. ती काही काळाने पिवळी पडते आणि काढताना हैराण करते. साऱ्या मोटारीस चांगली फिल्म लावावयाची तर २०२२ साली आम्हांस पुण्यात ऐंशी हजारांपासून दीड लाखापर्यंत भाव सांगण्यात आले. ज्याची मोटार रोज घाटातून आणि महामार्गावरून धावते त्याने निदान पुढील बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्यांस फिल्म लावावी. ज्याची मोटार आठवड्यास एकदा देवळापर्यंत आणि मंगल कार्यालयापर्यंत जाते त्याने हा खर्च करू नये. ते पैसे आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीस दिले तर चालतील.

आता मुख्य प्रश्न. हे काम कोणाकडे द्यावे? या धंद्यास डीटेलिंग म्हणतात आणि दुकानास स्टुडिओ, जरी तेथे कोणाचे छायाचित्र काढीत नसले तरी. भिंतीवर काळा रंग आणि छतावर षटकोनी दिवे असले म्हणजे काम उत्तम, असे नाही. पहिली गोष्ट, त्याच्याजवळ रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आहे काय आणि तो ते वापरतो काय, हे पाहावे. तळहातावर मावेल एवढे ते असते. पत्र्यावर टेकविले की आकडा दाखविते. प्लास्टिकच्या बंपरवर ते साधारणतः चालत नाही, हेही तो सांगेल. जो न मोजता यंत्र फिरवितो तो तापमापकावाचून ताप उतरविणारा वैद्य.

दुसरे, तो पूर्वतयारी किती करतो? लेप फासण्यास काही तास लागतात. त्याआधीचे काम मोठे. धुणे, पत्र्यात रुतलेले लोखंडाचे कण विरघळविणारे औषध फवारणे (ते कणांस लागले की जांभळे ओघळ येतात), विशिष्ट मातीचा गोळा फिरवून चिकटलेला मळ काढणे, गरज असेल तेथेच हलके पॉलिश, आणि शेवटी अल्कोहोलयुक्त द्रवाने सारे तेल पुसून काढणे. हा शेवटचा टप्पा फार महत्त्वाचा. पॉलिशमधील तेलाने रेघा बुजतात, मिटत नाहीत. पुसून मगच तेज दिव्याखाली मोटार दाखवा, असे मालकाने म्हणावे. नवी मोटारही महिनोन्‌महिने उघड्या आवारात उभी राहिलेली असते, ट्रेलरवरून आलेली असते. म्हणून हे सारे तीसही लागते. भांडे नवे असले तरी कल्हईपूर्वी घासतातच की!

तिसरे, बाटली आपल्यासमोर उघडावी. ती तीस किंवा पन्नास मिलिलिटरची एवढीशी असते. फिल्मच्या गुंडाळीवर क्रमांक असतो, तो बिलावर उतरवून घ्यावा. ‘पाच वर्षांची हमी’ म्हणजे काय, हे बारीक अक्षरांत वाचावे. बहुधा दरवर्षी पैसे भरून तपासणीस आणावयाचे असते आणि एक वर्ष चुकले की हमी संपते. लेप लावल्यावर साधारण आठवडाभर मोटार धुऊ नये, हे जो बजावून सांगत नाही त्याच्याविषयी शंका घ्यावी. आणि चौथे, किती दिवस लागतील म्हणून विचारावे. संध्याकाळी नेऊन सकाळी आणा म्हणणाऱ्यास नमस्कार करून परत फिरावे.

हे चौथे कलम आम्ही कसे शिकलो ते आता सांगतो.

आमच्या चिरंजीवांनी २०२२ साली दसऱ्याच्या सुमारास मोटार घेतली. काळ्या रंगाची. काळा रंग घेऊ नये असे घरातल्या वडील माणसांनी बजावले होते. त्यांची कारणे निराळी होती, परंतु काळ्यावर प्रत्येक रेघ दिसते हेही खरेच. आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाने नुकतेच हे दुकान काढले होते. त्याच्या आजोबांचे भांड्यांचे काम होते. स्टेनलेस स्टील आले आणि ते बंद पडले. नातवाने पुन्हा धातू झळकविण्याचा धंदा धरला याचे आम्हांस कौतुक वाटले. त्याने मोटार पाहिली, जाडी मोजली, आणि सांगितले, ‘काका, बावीस हजार रुपये आणि तीन दिवस.’

आम्ही काय केले? जे आपण सारे करतो ते केले. ‘अरे, तू घरचा मुलगा. आपल्या माणसांकडून का इतके घ्यावयाचे?’ असे म्हणून, त्याच्या आजोबांची ओळख सांगून, आणखी चार घरची गिऱ्हाइके आणून देण्याचे आमिष दाखवून आम्ही त्यास बारा हजारांवर आणले. शिवाय मुहूर्त जवळ होता म्हणून तीन दिवसांचे दीड दिवसावर आणले. तो पोरगा नाही म्हणू शकला नाही. वडील माणसास नाही कसे म्हणणार?

त्याच्याकडे एकच मदतनीस होता. रात्री दोन वाजता, झोपेने जड झालेल्या हातांनी बॉनेटच्या डाव्या कडेवर यंत्र फिरविताना ते एका जागी क्षणभर अधिक थांबले. कडेवर रंग मुळातच पातळ असतो. पारदर्शक थर जळून गेला. हाताच्या बोटाएवढी जागा. पण काळ्यावर ती राखेसारखी दिसते. सकाळी आम्ही पाहण्याच्या आधी त्याने स्वतःच आम्हांस बोलावून ती दाखविली. म्हणाला, ‘काका, माझ्या हातून चुकले. बॉनेट माझ्या खर्चाने रंगवून देतो, पैसेही परत घ्या.’ बॉनेट रंगविण्यास चिरंजीवांनी नकार दिला, कारण पुन्हा रंगविलेले बॉनेट पाहिले की पुढे विकत घेणारा अपघाताची शंका घेतो. पैसे मात्र आम्ही परत घेतले. पुरे बारा हजार.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पुढल्या दोन-तीन लग्नकार्यांत, जेथे जेथे विषय निघाला तेथे आम्ही त्याचे नाव घेऊन सांगितले की, त्याच्याकडे मोटार देऊ नका. निवृत्त गुरुजींच्या शब्दास ज्ञातीत मान आहे. चार गिऱ्हाइके आणून देऊ म्हणणाऱ्याने किती परत फिरविली, याचा हिशेब आमच्याजवळ नाही. दीड दिवस आणि बारा हजार यांविषयी मात्र आम्ही कोठे अवाक्षर काढले नाही.

पुढे अभ्यास म्हणून आम्ही निरनिराळ्या दुकानांतून बसू लागलो, तेव्हा आकडे कळले. बाटलीचे पैसे, पॅड, दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी, जागेचे भाडे, वीज. बारा हजारांत हे बसवावयाचे तर कोठे तरी कात्री लावलीच पाहिजे, आणि ती झोपेसच लागते. आमचे वडीलही हेच सांगत असत: कल्हईवाल्याशी घासाघीस केली की तो कथलात शिसे मिसळतो. या मुलाने शिसे मिसळले नाही. त्याने रात्र घातली.

गेल्या चैत्रात आमच्या भगिनीच्या नातवाने मोटार घेतली. ती घेऊन आम्ही त्याच दुकानी गेलो. आत पाऊल टाकताना जे वाटले ते सांगत नाही. त्याने खुर्ची दिली, चहा मागविला. ‘जो दर असेल तो, आणि जितके दिवस लागतील तितके’ एवढेच आम्ही म्हणालो, आणि ते बारा हजारांचे पाकीट त्याच्यापुढे ठेविले. पाकीट त्याने परत सरकविले. मग मोटारीभोवती अर्धा तास फिरून, प्रत्येक भाग मोजून, दिवा धरून तो म्हणाला, ‘काका, हिचा रंग चांगला आहे. यंत्र लावण्याची गरज नाही. मातीचा गोळा फिरवून लेप देतो. पॉलिशचे पैसे बिलातून कमी करतो.’ अडीच दिवस लागले. बिल पक्के मिळाले.

ज्या ज्या बंधूंस आम्ही त्याच्याविषयी वाईट सांगितले होते त्यांपैकी बरेच आज या सभागृहात आहेत. त्यांना आम्ही आता निम्मी राहिलेली हकीकत सांगितली. आमच्या विनंतीवरून तो आज जाडी मोजण्याचे यंत्र घेऊन आला आहे. भोजनानंतर कार्यालयाच्या आवारात ज्यांस आपल्या मोटारीचा रंग मोजून पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा, शुल्क नाही. फाटकाजवळ डाव्या हातास आमच्या चिरंजीवांची काळी मोटार उभी आहे. बॉनेटची डावी कड ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी तीही पाहावी.